निळ्याचे सात थेंब

पहिल्यांदा खटकली ती बाबांच्या कानाची पाळी.

सोमवारची सकाळ. बाबा पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि दचकू चहा घेऊन खोलीत शिरत होती. (तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण ते वाचायची वेळ कुणावर येत नाही. लहानपणी कुकरची शिट्टी झाली की ही पलंगाखाली सापडायची, तेव्हापासून ती दचकू. आता चोवीस वर्षांची आहे, कॉलेजची पदवी आहे, पण कुकर लावला की एक हात अजून कानावरच असतो.) खिडकीतून ऊन आलं होतं. बाबांनी पान उलटायला मान वळवली आणि त्यांच्या उजव्या कानाची पाळी तिला पिवळी दिसली. जुन्या कागदासारखी पिवळी नव्हे, कच्च्या लिंबासारखी, जराशी हिरव्याकडे झुकलेली.

बशीत चहा सांडला.

"बाबा, कान दाखवा."

"का? ऐकू येतंय मला."

"दाखवा ना!"

बाबांनी कान दाखवला. कानाच्या खाली गाल होता, तोही पिवळा. गालाखाली मान, तीही तशीच. बनियनची बाहीसुद्धा पिवळट होती, पण बनियनला कावीळ होत नाही, म्हणून दचकूने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. (हे वाक्य तिने पुढे कित्येकदा स्वतःला ऐकवलं आहे.)

"डोळे वर करा."

"चहा देणारेस की भरती करून घेणारेस?"

डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळसर होता. दचकूने स्वयंपाकघरात जाऊन फोनवर शोधलं. इंटरनेटवर साधा आजार मुळी नसतोच. पहिल्या ओळीत कावीळ होती, तिसऱ्या ओळीत यकृत गेलं आणि सातव्या ओळीला पोचेपर्यंत दचकू पोरकी झाली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात माणसं दोनच, त्यातलं एक पिवळं.

आता इथे दोन दिवस मागे जायला हवं, कारण सोमवारचं मूळ शनिवारात होतं.

दचकू एका विमा कचेरीत लोकांची नावं आणि वारसदार कॉम्प्युटरवर चढवायची. शनिवार-रविवार मात्र ती बाईंकडे जायची. बाई म्हणजे रंगाच्या बाई. बंद पडलेल्या टायरच्या दुकानात त्यांचा वर्ग भरायचा. बाई पन्नाशीच्या, केसांच्या अंबाड्यात खोवलेला ब्रश, कोपरापर्यंत वाळलेला रंग. त्या नुसत्या शिकवणाऱ्या नव्हत्या, काम करणाऱ्या होत्या. गावातल्या अर्ध्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. वर्गात त्या तीन डबे मांडायच्या, लाल, पिवळा, निळा, आणि बाजूला एक पांढरा. "एवढंच आहे जगात," म्हणायच्या. "बाकी सगळी दुकानदाराची हौस."

त्या तीन डब्यांतून दचकूने चोवीस हिरवे बनवले होते. चोवीस! कचेरीत तिने चार वर्षांत एक फाइल आपल्या मनाने बनवली नव्हती. पण बाईंचे उपकार याहून मोठे होते. एकदा वर्गात मागे डबा पडला, ही खुर्चीसकट उडाली आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दचकते म्हणजे बघते. बाकीचे नुसते डोळे उघडे ठेवून फिरतात." दचकूने ते वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं आणि खाली तारीख घातली. तिच्या दचकण्याला कुणी गुण म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

तरी एक धडा तिला कधीच जमला नाही. बाईंनी लाल कागदाशेजारी पांढरा कप ठेवला आणि म्हणाल्या, "जे दिसतं ते रंगवा. जे माहीत आहे ते नको." दचकूने स्वच्छ, शुभ्र, कौतुकास्पद कप रंगवला. बाईंनी खाली पेन्सिलीने लिहिलं, 'कप छान. शेजार कुठे आहे?' दचकूने मान डोलावली. कळलं काहीच नाही, पण विचारायची भीती वाटली.

अशा या बाईंकडे वर्षभराची कामं आली होती. दवाखान्याची वेटिंग रूम, वाचनालयाची बाहेरची भिंत, बस डेपोतले चार जाडजूड खांब. पूर्णवेळ मदतनीस हवी होती. त्यांनी दचकूला विचारलं. "शुक्रवारपर्यंत सांग. शुक्रवारी मी दवाखान्याची शिडी चढणार, मग खाली उतरून दुसरं कुणी शोधायला वेळ नाही."

बाबांना विचारलं तेव्हा ते एकच म्हणाले, "रंगाला वजन किती?"

बाबा वजनमाप निरीक्षक होते. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले, खोटी मापं जप्त केली, खऱ्यांवर शिक्के मारले. घरात अजून पितळी वजनांची पेटी होती, दर रविवारी पुसली जायची. ज्याचं वजन होत नाही त्याच्यावर घर चालत नाही, असं त्यांचं साधं मत होतं. दचकू म्हणाली, "बाई सांगतात रंगालाही वजन असतं. गडद जड, फिका हलका." बाबा म्हणाले, "मग घेऊन ये. काट्यावर ठेवून बघू."

थोडक्यात, नाही म्हणाले.

तेव्हा दचकूने ठरवलं की बाबांना बोलून पटवण्यात अर्थ नाही, दाखवून पटवायचं. बाबांची खोली वर्षानुवर्षं जुन्या फायलीच्या रंगाची होती. शनिवारी ते त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडे दोन दिवस राहायला गेले आणि दचकूने वर्ग बुडवून डबे काढले. बाईंची शिकवण स्पष्ट होती. "पंजाएवढा तुकडा लाव. दोन दिवस त्याच्यासोबत राहा. मग ठरव."

तिने पंजाएवढाच लावला. पण तो भिंतीवर फार एकटा दिसायला लागला. त्याला सोबत म्हणून शेजारी अजून एक. मग दोघांमधली फट बरी दिसेना. रविवारी संध्याकाळी तीन भिंती आणि छत झालं होतं. चौथ्या भिंतीपुढे कपाट होतं म्हणून ती वाचली.

रंग तिने स्वतः बनवला होता. चार भाग पिवळा, एक भाग पांढरा आणि थंडावा येण्यापुरते निळ्याचे तीन थेंब. तिसऱ्या थेंबाला दारावरची बेल वाजली. दचकू दचकली. सात पडले. (बेल वाजवणारा चुकीच्या घरी आला होता.) सात थेंबांनी पिवळा जरा हिरव्याकडे झुकला, पण तिला तो आवडला. तिने त्याला नावही ठेवलं, 'कोवळी सकाळ'.

बाबा रविवारी अंधार पडल्यावर आले. खोलीत उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाले, "बल्ब बदललास?"

दचकू उशीत तोंड खुपसून झोपली. आणि सोमवारी सकाळी कान पिवळा.

दोन गल्ल्या पलीकडे आत्या राहायची. बाबांची मोठी बहीण. आजारपणाचा वास तिला स्वतःच्या घरात बसून येतो. दचकूने फोन ठेवेपर्यंत ती पिशवी घेऊन दारात हजर.

"बघू तोंड," ती म्हणाली. बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. "अगं बाई! हे तर पिकलंय."

"ताई, मी आंबा नाही," बाबा म्हणाले.

"आंबा असतास तर बरं झालं असतं, काही भाव तरी आला असता. झोप आडवा. मी त्या दिवशीच हिला म्हटलं होतं, ते डबे घरात आणू नकोस. रंगाच्या वासानं लिव्हर जातं. उघड सगळ्या खिडक्या!"

दचकूने खिडक्या सताड उघडल्या. ऊन आणखी आत आलं. बाबा आणखी पिवळे झाले.

"बघ, उघड्यावर आला आजार," आत्या म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर आले. दचकूचा जन्म झाला तेव्हाही तेच डॉक्टर होते आणि तेव्हाही म्हातारेच होते असं आत्या सांगते. त्यांनी बाबांची पापणी खाली ओढली, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला.

"दिसतंय तर खरं. भूक?"

"आहे."

"मळमळ?"

"अजून नाही. पण स्वयंपाक ताई करणार म्हणते."

"तू मेलास तरी जीभ अर्धा तास चालत राहील तुझी," आत्या म्हणाली आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवून रडायला लागली. तिला रडताना बघून दचकूही रडायला लागली. डॉक्टरांनी शांतपणे चिठ्ठी लिहिली. रक्त तपासा, तेलकट बंद, विश्रांती. मग पेन बंद करता करता त्यांनी वर बघितलं.

"पण काय प्रसन्न खोली आहे हो! हा रंग कुणी लावला?"

"हिनंच," आत्या नाक पुसत म्हणाली. "बापाचं लिव्हर घालवून."

"बाईंकडे शिकते मी," दचकू म्हणाली.

"अच्छा! बाई माझीच वेटिंग रूम रंगवतायत शुक्रवारी. पेशंट बसून बसून उदास होतात तिथे. हाच रंग लावायला सांगतो त्यांना. कसा बनवलास?"

आता बघा, वडील खाटेवर, आत्या रडते आहे, आणि अशा वेळी कुणी आपल्या रंगाचं कौतुक केलं तर मुलीने काय करावं? नको म्हणावं. दचकूने डोळे पुसले आणि चिठ्ठीच्या मागे ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, चार भाग पिवळा, एक भाग पांढरा, निळ्याचे थेंब सात. वर शीर्षक, 'कोवळी सकाळ'. डॉक्टरांनी वर भिंतीचा फोटो काढला. दचकूला क्षणभर आनंद झाला आणि मग आनंद झाल्याबद्दल ती दुप्पट रडली.

मंगळवारी सकाळी रक्त द्यायला गेले. लॅबवाल्याने सुई काढली आणि विचारलं, "कावीळ कुणाला आहे?"

"यांना," दचकू म्हणाली.

"यांना? हे तर ठणठणीत दिसतात."

दचकूने बघितलं. खरंच! कान गुलाबी, गाल गव्हाळ. तिला तिथल्या तिथे लॅबवाल्याचे पाय धरावेसे वाटले. घरी आले, बाबा खोलीत जाऊन पलंगावर टेकले, आणि पुन्हा लिंबू.

आत्याने कमरेवर हात ठेवले. "बाहेर उतरते, घरात चढते. म्हणजे घरातच काहीतरी आहे. पाणी असेल." मग तिने दचकूकडे बघितलं. "नाहीतर कुणाच्या तरी हातचं."

त्या दिवसापासून दचकूला स्वयंपाकघरात मज्जाव झाला. आत्या इथेच मुक्काम ठोकून तिन्हीत्रिकाळ भाज्या उकडायला लागली. मीठ नाही, तेल नाही, दया नाही. बाबा एकेक घास असा गिळायचे, जणू प्रत्येक घासावर दंड भरतायत.

त्याच दुपारी बाबांनी एक विचित्र गोष्ट केली. ते उठले आणि आत्याला म्हणाले, "ताई, जरा माझ्या जागी बस." तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः गॅलरीच्या दारात जाऊन तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग तिला उठवलं, हळूच "हं" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून गुपचूप झोपले.

आत्याने दचकूला स्वयंपाकघरात ओढलं. "निरोप घेत होता गं माझा. लहानपणी सायकलवरून पडलेला, तेव्हाही असाच बघत होता."

बुधवारी डॉक्टरांचा फोन आला. "रिपोर्ट एकदम उत्तम. इतका चांगला तर माझाही येत नाही."

"बाटल्या बदलल्या असतील," आत्या म्हणाली.

कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं, अशी म्हण आहे. इथे रिपोर्ट स्वच्छ, भूक चांगली, जीभ शाबूत, आणि माणूस पिवळा. आत्याचं ठरलं की हा काविळीचा बडा भाऊ आहे, रक्तात न सापडणारा. दचकूने कचेरीत आठवड्याची रजा टाकली. बाबांना चहा हातात, पेपर वाचून दाखवणं, उशी सरळ करणं, पाय चेपून देणं. दर अर्ध्या तासाने ती त्यांच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. बाबा डोळे मिटूनच म्हणायचे, "चालू आहे."

गुरुवारी दुपारी आत्या भाजी आणायला गेली होती. बाबा म्हणाले, "दचकू, बस इथे."

ती बसली.

"मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली," बाबा छताकडे बघत म्हणाले. "घरातलं माप कधी बघितलं नाही. तू रंगांचं बोलायचीस, मी वजन विचारायचो. तुझी आई गेली तेव्हापासून या घरात आवाज फक्त माझ्या खोकल्याचा आणि तुझ्या दचकण्याचा. मग तू त्या बाईंकडे जायला लागलीस आणि संध्याकाळी गुणगुणत यायला लागलीस. ते मला ऐकू येत होतं. मी फक्त म्हणालो नाही."

"बाबा, नका ना असं बोलू."

"आणि रविवारी मी बल्ब म्हणालो. बल्ब नव्हता, ते काय मला कळत नाही? दार उघडलं आणि वाटलं, कुणीतरी माझी वाट बघत होतं खोलीत. पण चांगलं आहे म्हणायला जमलं नाही. आपल्या घरात ते माप नव्हतंच कधी." ते थांबले. "बाईंना हो सांग."

इतके दिवस ज्या वाक्याची वाट बघितली ते असं निजून आलं. दचकू ढसाढसा रडली. तिला एकच गोष्ट कळली. माणूस असं कधी बोलतो? जाण्याआधी बोलतो. मग असल्या वडिलांना टाकून ती बस डेपोचे खांब रंगवत बसणार होती का?

गुरुवारी संध्याकाळी तिने बाईंना फोन लावला, नाही सांगायला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बाईंची एक सवय सगळ्या वर्गाला ठाऊक होती. शिडीवर असल्या की त्या फोन खाली रिकाम्या डब्यात टाकायच्या. तो वाजला की सगळी खोली दणाणायची, फक्त बाईंना ऐकू यायचं नाही. दचकूने सहा वेळा फोन केला, नाही म्हणायचे सहा वेगवेगळे नम्र प्रकार मनात तयार केले, आणि थकून झोपली. (तो फोन त्या संध्याकाळी कुणी उचलला नाही, याबद्दल ती आजही त्या रिकाम्या डब्याची मनापासून ऋणी आहे.)

शुक्रवारी सकाळी आत्या अंघोळीला गेली तेव्हा दचकूने चोरून बाबांसाठी खरा चहा केला, साखर घालून. पांढऱ्या कपात. बाबांच्या खोलीत नेऊन भिंतीलगतच्या स्टुलावर ठेवला, खिडकी उघडली, आणि मागे वळली.

कप पिवळा झाला होता.

पूर्ण नव्हे. भिंतीकडची अर्धी बाजू पिवळी, लिंबासारखी, किंचित हिरव्याकडे झुकलेली. खिडकीकडची बाजू पांढरीशुभ्र.

दचकूने कप उचलून दारात नेला. पांढरा. परत स्टुलावर. पिवळा. दारात. स्टुलावर. दारात. चहा सांडत होता, तिला कळत नव्हतं. तिने स्वतःचा हात भिंतीजवळ धरला. हात पिवळा. बाबांचा बनियन, पिवळा. उशी, पिवळी. पेपर, पिवळा. पाच दिवस ती फक्त बाबांकडे बघत होती. भिंतीकडे बघायचं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण भिंत तिने स्वतः रंगवली होती आणि भिंत छान होती.

कप छान. शेजार कुठे आहे?

शेजार तीन भिंती आणि एक छत एवढा होता! रंग भिंतीवर बसून राहत नाही, उजेड पडला की उठतो आणि समोरच्याच्या अंगावर जाऊन बसतो. हेच बाई महिनाभर सांगत होत्या. दचकूने आजार आणला नव्हता. तिनेच तो ब्रशने दोन हात देऊन लावला होता.

पहिल्यांदा तिला इतका आनंद झाला की तिने कपालाच नमस्कार केला. बाबा जाणार नव्हते. बाबांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं! दुसऱ्या क्षणी तिला कालचं आठवलं. बाबा जाणार नाहीत, म्हणजे बाबा कालचं बोलणं परत घेणार. मरणाऱ्या माणसाने दिलेला होकार जिवंत माणूस कशाला पाळेल? सांगू नये. आज फक्त शुक्रवार काढावा. बाईंना हो सांगावं, मग सोमवारी हळूच भिंत पांढरी करावी, बाबा आपोआप बरे होतील.

हा बेत उत्तम होता. त्यात एकच खोट होती. बाबांपुढे उकडलेल्या दुधी भोपळ्याची ताटली होती आणि ते तिच्याकडे बघत होते. बत्तीस वर्षं खोटी मापं पकडलेल्या माणसाच्या मुलीला एवढंसं खोटंही पेलवेना.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला काही झालेलं नाही. माझा रंग झालाय."

बाबांनी शांतपणे चहाचा कप तिच्या हातातून घेतला. घोट घेतला. साखर लागल्यावर डोळे मिटले.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"मंगळवार दुपारपासून. तराजूत खोट वाटली तर आधी मालाला दोष द्यायचा नाही, पारडी बदलून बघायची. ताईला माझ्या जागी बसवलं, मी दारात उभा राहिलो. ताई माझ्यापेक्षा पिवळी दिसली."

दचकू मटकन स्टुलावर बसली. "आणि तुम्ही चार दिवस... तो भोपळा... आत्या रडून रडून..."

"बत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं माप चालवलं," बाबा म्हणाले. कानाची पाळी आता पिवळी होती की लाल, सांगता येत नव्हतं. "तू जवळ बसत होतीस. पेपर वाचून दाखवत होतीस. कामाला लागलीस की कोण बसणार आहे? आणि मला उभ्याने बोलता येत नाही गं. निजून जमतं, हे मला या वयात कळलं. म्हटलं, निजलोच आहे तर बोलून घ्यावं."

"मग काल जे बोललात ते?"

बाबांनी कप खाली ठेवला. पलंगाखालची पेटी पायाने पुढे ओढली, त्यातलं सगळ्यात छोटं पितळी वजन काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. वजनाच्या बुडाशी शिक्का होता.

"हे खरं माप," ते म्हणाले. "कालचंही तसंच. शिक्का मारलेलं. परत घेता येत नाही, कायदा आहे."

दचकूने ते वजन मुठीत धरलं. बोटभर होतं, पण हात खाली जात होता. धन्यवाद म्हणायचं तिला सुचलं नाही, कारण आपल्या घरात तेही माप नव्हतं. तिने बाबांची उशी सरळ केली. उशी आधीच सरळ होती.

"आता त्या बाईंना कळव," बाबा म्हणाले. "आणि ताईला काही सांगू नकोस इतक्यात. आधी मी बरा होतो, मग तिला वाटू दे तिच्या भोपळ्यानं केला." ते छताकडे बघून खुदकन हसले. "डॉक्टर म्हातारे फसले मात्र. भिंतीचा फोटोच काढून नेला!"

दचकूच्या हातातलं वजन खाली पडलं.

फोटो. चिठ्ठी. चार भाग पिवळा, एक भाग पांढरा, निळ्याचे थेंब सात. शुक्रवार. वेटिंग रूम.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"बाबा, आज बाई दवाखाना रंगवतायत."

बाबांनी क्षणभर विचार केला. मग ते पाच दिवसांत पहिल्यांदा ताडकन उभे राहिले. "फोन लाव!"

तिने लावला. वाजत राहिला. एका पायात चप्पल घालत पुन्हा लावला. वाजत राहिला. डोळ्यांपुढे तो रिकामा डबा दिसत होता, त्यात थरथरणारा फोन, वर शिडीवर बाई, आणि चहूबाजूंनी कोवळी सकाळ. आत्या न्हाणीघरातून ओरडली, "कुणाला फोन? गेला का तो?" बाबा ओरडले, "मी नाही गेलो, दचकू चाललीय!" दुसरी चप्पल सापडेना. सातव्यांदा लावला. (सात हा आकडा तिला आता सोसत नव्हता.) आठव्यांदा.

आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो, दवाखाना," कंपाउंडरचा आवाज आला, दमलेला. "फोन बाईंचा आहे, पण बाई शिडीवर आहेत. नंबर लावायचा असेल तर आज जमणार नाही. काविळीची साथ आलीय. दोन भिंती होईपर्यंत पाच होते, आता वेटिंग रूममध्ये अठरा जण आहेत. डॉक्टर पापण्या ओढून ओढून दमले. बाहेर गेलं की बरं वाटतं म्हणतात आणि आत आलं की... एक मिनिट हं. बाई वरून काहीतरी विचारतायत."

दचकूने फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे डबा सरकल्याचा, शिडी करकरल्याचा आवाज आला.

"त्या म्हणतायत, दचकू असेल तर तिला सांगा, शेजार सापडला. आता पांढऱ्याचा डबा घेऊन ये. मोठा. आणि हो, कामाच्या पहिल्याच दिवशी उशीर चालणार नाही म्हणतायत."